पुलित्झर आयोवाला का मिळतं? आणि आपण नुसती आडनावं का मोजतो?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा, अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास अमेरिकेत पुलित्झर पुरस्कार जाहीर होतात आणि दरवर्षी आपल्याकडे एकच उद्योग सुरू होतो. यादीत भारतीय आडनाव शोधायचं. सापडलं की 'भारतीय वंशाच्या अमुक यांना पुलित्झर' अशी चौकट पहिल्या पानावर. नाही सापडलं तर तीन ओळी आतल्या पानावर, कोपऱ्यात. मग फेसबुकवर अभिनंदनाच्या पोस्टी, आणि शेवटी कुणीतरी हमखास विचारतो, 'मराठी माणसाला पुलित्झर कधी?'

यादी मलाही पाठ आहे. १९३७ साली गोविंद बिहारी लाल. २००० साली झुम्पा लाहिरी. २००३ गीता आनंद, २०११ सिद्धार्थ मुखर्जी, २०१४ विजय शेषाद्री. २०२० साली काश्मीरचे तीन छायाचित्रकार. दानिश सिद्दिकी यांना २०१८ साली आणि परत २०२२ साली, तेही मरणोत्तर. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले चितांचे फोटो आपल्यापैकी कुणी विसरेल असं वाटत नाही. या सगळ्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. माझं भांडण त्यांच्याशी नाही, आपल्या मोजणीशी आहे.

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. पत्रकारितेचं पुलित्झर अमेरिकेतल्या वृत्तपत्रांना, नियतकालिकांना, वृत्तसंस्थांना आणि वृत्तसंकेतस्थळांनाच मिळतं. सिद्दिकी रॉयटर्ससाठी काम करत होते, काश्मीरचे तिघे असोसिएटेड प्रेससाठी. म्हणजे नगरच्या, नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या पेपरने जगातली सर्वोत्तम बातमी छापली तरी तिला पुलित्झर मिळणार नाही. नियमातच बसत नाही. तेव्हा 'आपल्याला कधी' हा प्रश्न सोडून द्या. विचारायचाच असेल तर दुसरा प्रश्न विचारा. एखाद्या मुलखाला हे पुरस्कार पुन्हा पुन्हा का मिळतात? तिथे असं काय असतं, जे आपल्याकडे नाही?

त्यासाठी मी आयोवाचं उदाहरण घेतो. न्यूयॉर्क-वॉशिंग्टनचं मुद्दाम घेत नाही. तिथे पैसा आहे, सत्ता आहे, तिथे मिळणारच. आयोवा हे शेतीवर जगणारं राज्य. मका, सोयाबीन आणि डुकरं. माणसांपेक्षा डुकरं कितीतरी पटीने जास्त. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३१ लाख ९० हजार भरली. आमच्या एकट्या नगर जिल्ह्याची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, २०११ साली ४५ लाखांच्या वर होती. म्हणजे अख्खं राज्य आमच्या एका जिल्ह्यापेक्षा लहान. राजधानी डी मॉइन, वस्ती दोन लाखांच्या आसपास. नगर शहर त्याहून मोठं आहे.

आता या राज्याच्या पत्रकारितेचं खातं बघा. सगळं सांगत नाही, ठळक तेवढं सांगतो.

'डी मॉइन रजिस्टर'चे व्यंगचित्रकार जे. एन. डार्लिंग यांना १९२४ आणि १९४३, असं दोनदा. १९३८ साली याच पेपरला अग्रलेखांसाठी. १९६८ साली निक कोट्झ यांना. कशासाठी? मांस पॅक करणाऱ्या कारखान्यांतल्या घाणीच्या बातम्यांसाठी. त्या बातम्यांमुळे १९६७ साली अमेरिकेत मांस तपासणीचा नवा कायदा व्हायला मदत झाली. १९७६ साली जेम्स रिसर यांना, धान्य निर्यातीतला भ्रष्टाचार उघड केल्याबद्दल. १९७९ साली परत रिसर यांनाच, शेतीच्या पद्धतींमुळे माती-पाण्याचं काय नुकसान होतंय यावरच्या मालिकेसाठी. १९८५ साली टॉम नडसन यांना, शेतात काम करणं जिवाला किती धोक्याचं आहे हे मांडणाऱ्या मालिकेसाठी. १९८७ साली डेव्हिड पीटरसन यांना, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या छायाचित्रांसाठी. १९९१ साली सार्वजनिक सेवेचं सुवर्णपदक. एका स्त्रीने स्वतःच्या संमतीने, नाव न लपवता आपल्यावर झालेल्या बलात्काराची हकिकत सांगितली, ती छापल्याबद्दल.

ही यादी परत एकदा वाचा आणि विषय बघा. मांस, धान्य, माती, पाणी, शेतकऱ्याचा जीव, शेतकऱ्याचं कर्ज. यातलं काहीही त्यांनी बाहेरून आणलेलं नाही. जे दाराशी होतं तेच त्यांनी नीट बघितलं. आणि आणखी एक. यातल्या बऱ्याच बातम्या त्यांच्याच वाचकांना आवडणाऱ्या नव्हत्या. शेतीप्रधान राज्यात 'आपली शेती माती आणि पाणी खराब करतेय' असं छापणं म्हणजे ज्याच्या घरी पेपर टाकायचा त्याच्याच तोंडावर सांगणं. रिसरनी ते १९७०च्या दशकात केलं.

आता स्टॉर्म लेकची गोष्ट. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या तालुक्याच्या गावात घडू शकली असती.

स्टॉर्म लेक हे आयोवाच्या वायव्येकडचं दहा-अकरा हजार वस्तीचं गाव. आपल्याकडे एवढ्या गावाला धड नगरपंचायतही नसते. तिथे 'स्टॉर्म लेक टाइम्स' हा आठवड्यातून दोनदा निघणारा पेपर, खप सुमारे तीन हजार. जॉन कलन यांनी १९९० साली सुरू केला. भाऊ आर्ट संपादक, आर्टची बायको फोटो काढणार, मुलगा बातम्या आणणार. घरचा कारभार.

२०१५ साली डी मॉइन शहराला पाणी पुरवणाऱ्या संस्थेने वरच्या अंगाच्या तीन कौंट्यांवर, आपल्या भाषेत जिल्ह्यांवर म्हणा, दावा ठोकला. म्हणणं असं, की तुमच्या शेतांखालच्या निचऱ्याच्या पाइपांतून नायट्रेट रॅकून नदीत येतं, आम्हाला ते पाणी साफ करायला अफाट खर्च येतो, तो तुम्ही द्या. त्या तीनपैकी एक जिल्हा स्टॉर्म लेकचा. म्हणजे कलन यांच्या स्वतःच्या जिल्ह्यावर खटला, स्वतःच्या वाचकांवर खटला. दुसरा संपादक असता तर 'आपल्या बळीराजावर शहरवाल्यांचा अन्याय' असा अग्रलेख ठोकून मोकळा झाला असता. टाळ्या मिळाल्या असत्या, जाहिरातीही.

आर्ट कलननी वेगळाच प्रश्न विचारला. जिल्ह्याच्या बाजूने एवढे महागडे वकील उभे आहेत, त्यांची फी कोण भरतंय? जिल्हा सांगेना. त्यांनी कागद मागितले, पिच्छा पुरवला, अंकामागून अंक अग्रलेख लिहिले. शेवटी बाहेर आलं, की पैसा शेती-उद्योगाच्या बड्या संघटनांकडून येत होता. निवडून दिलेल्या जिल्ह्याचा खटला दुसऱ्याच्याच पैशावर चालला होता, आणि देणाऱ्याचं नाव मतदाराला माहीत नव्हतं. खटला पुढे २०१७ च्या मार्चमध्ये कोर्टाने फेटाळला. म्हणजे जिल्हा जिंकला. आणि काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, अग्रलेखांचं पुलित्झर या तीन हजार खपाच्या पेपरला मिळालं.

खटला कोण जिंकलं हा पुरस्काराचा मुद्दाच नव्हता. मुद्दा हा, की गावातल्या एका माणसाने 'पैसे कुणाचे?' हा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही.

आता माझं सांगतो. सांगायची हौस नाही, पण विषयच असा आहे.

मी काही वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: तालुका वार्ताहराला पगार नसतो. मानधन म्हणून जे मिळतं त्यात महिन्याचं पेट्रोलही निघत नाही. खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. पुढाऱ्याचा वाढदिवस, गळीत हंगामाचा शुभारंभ, पतसंस्थेचा वर्धापनदिन, निवडीबद्दल अभिनंदन. दिवाळीला पुरवणीचं टार्गेट येतं. ज्याच्या दारात सकाळी जाहिरातीसाठी उभं राहायचं, त्याच्याच विरोधात संध्याकाळी बातमी लिहायची, अशी ती रचना आहे. म्हणजे लिहायची नाही, अशी ती रचना आहे.

एका उन्हाळ्यात आमच्या भागातल्या ओढ्याचं पाणी काळं झालं. वास सुटला. मासे वर आले. ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी जनावरं तोंडात घेईनात. वरच्या अंगाला कारखाना आणि त्याची डिस्टिलरी. मी स्वतः ऊसवाल्याचा मुलगा, आमचाही ऊस त्याच कारखान्याला जायचा. मी चार विहिरींवर गेलो, लोकांशी बोललो, फोटो काढले, बाटल्यांत पाणी भरून आणलं, बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी नाही आली. तिसऱ्या दिवशी मी फोन केला. डेस्कवरचा माणूस चांगला होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, 'अरे, पुढच्या आठवड्यात त्यांची चार पानी पुरवणी आहे. ती जाऊ दे, मग बघू.'

पुरवणी गेली. त्यातली दोन पानं मीच लिहिली होती. 'सहकारातून समृद्धीकडे.' कमिशनही मिळालं. बातमी नंतरही आली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही परत फोन केला नाही. पाऊस आला, ओढा वाहिला, विषय संपला. वडिलांनी एकदाच विचारलं, 'छापलं का रे?' मी म्हणालो, जागा नव्हती.

हे मी कुणा एकाला दोष द्यायला लिहीत नाही. कारखान्याचं नाव, पेपरचं नाव देणार नाही, विचारू नका. कारण तुमच्या तालुक्यातही हेच आहे, तुम्हाला माहीत आहे. डेस्कवरच्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी वार्ताहर म्हणून तेच केलं. प्रश्न माणसाच्या हिमतीचा कमी आणि पगार कोण देतो याचा जास्त आहे.

आता यावर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, म्हणून आधीच उत्तरं देतो.

पहिलं: 'अमेरिका श्रीमंत आहे, त्यांना परवडतं.' अहो, तीन हजार खपाचा पेपर कसला श्रीमंत? कलन कुटुंबाने अनेक वर्षं ओढाताणीत काढली, वाचकांकडे मदत मागितली. पुरस्काराची रक्कम १५ हजार डॉलर, तीही एकदाच. आपल्याकडे तीन हजार खपाचे पेपर काय कमी आहेत? आणि आपल्या तालुक्यांत पैसा नाही असं म्हणू नका. ज्या गावात वाढदिवसाचे फ्लेक्स विजेच्या खांबांपेक्षा जास्त आहेत, तिथे पैसा नाही हे मला सांगू नका.

दुसरं: 'आयोवात तरी काय सुधारलं?' हा खरा प्रश्न आहे. फार सुधारलं नाही. नदीतलं नायट्रेट गेलेलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये डी मॉइन परिसरात नायट्रेट इतकं वाढलं, की घरासमोरच्या हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. 'रजिस्टर' १९८५ साली बाहेरच्या मोठ्या साखळी कंपनीला विकला गेला आणि आज तो पूर्वीचा राहिलेला नाही. आयोवा म्हणजे स्वर्ग आहे असं मी म्हणतच नाही. पण तिथला माणूस आज पाण्यावर भांडतो तेव्हा त्याच्या हातात पन्नास वर्षांच्या बातम्यांचा पुरावा असतो. आपल्या ओढ्याच्या त्या उन्हाळ्याचा पुरावा कुठे आहे? माझ्या जुन्या फोनमध्ये होता. फोन गेला.

तिसरं: 'इथे लिहिलं तर मारतात.' हो, मारतात. राजापूरचे शशिकांत वारिशे आठवा. फेब्रुवारी २०२३. रिफायनरीच्या जमिनींच्या विषयावर सातत्याने लिहिणारा माणूस. ज्याच्याविरुद्ध बातमी छापून आली, त्यानेच त्याच दिवशी त्यांना गाडीखाली घातल्याचा आरोप आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? लिहू नका? मला उलट वाटतं. वारिशेंसारखा माणूस एकटा असतो, त्याच्यामागे पगार नसतो, वकील नसतो, पेपरची ताकद नसते, म्हणून त्याला गाठणं सोपं जातं. मोठ्या संस्थेचा पगारी माणूस, ज्याच्या मागे उद्या आणखी तीन जण तीच बातमी पुढे नेणार आहेत, त्याला गप्प करून काही मिळत नाही.

चौथं, हे साहित्यवाल्या मित्रांसाठी: 'पुलित्झर म्हणजे फक्त बातम्या नव्हेत, साहित्यही आहे.' बरोबर. मग आयोवाचं साहित्यही बघा.

आयोवा विद्यापीठाने १९२२ पासून कथा-कविता पदव्युत्तर प्रबंध म्हणून मान्य केली. १९३६ साली तिथे लेखनाची कार्यशाळा सुरू झाली, जी आज जगभर माहीत आहे. १९६७ साली पॉल एंगल आणि हुआलिंग निये यांनी जगभरच्या लेखकांना तिथे राहून लिहिता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आपले दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात तिथेच होते. तुकोबांना इंग्रजीत नेणारा कवी मक्याच्या शेतांमधल्या त्या छोट्या गावात राहून आला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? २००८ साली युनेस्कोने आयोवा सिटीला 'साहित्याचं शहर' म्हणून मान दिला.

आणि कादंबऱ्या? २००५ चं पुलित्झर मॅरिलिन रॉबिन्सन यांच्या 'गिलियड'ला, आयोवातल्या एका काल्पनिक खेड्यातल्या म्हाताऱ्या पाद्र्याची गोष्ट. १९९२ चं जेन स्मायली यांच्या 'ए थाउजंड एकर्स'ला. बाप हजार एकर जमीन तीन मुलींना वाटायला काढतो आणि घर फुटतं. शेक्सपियरचा लिअर राजा, पण आयोवाच्या शेतात. आणि त्या कादंबरीत एक बाई आहे, जिचे गर्भ टिकत नाहीत. पुढे तिला कळतं, की विहिरीच्या पाण्यात शेतातून झिरपलेलं नायट्रेट आहे, त्यामुळे असेल.

इथे मी थांबलो होतो वाचताना. रिसरची मालिका सत्तरच्या दशकातली. स्मायलीची कादंबरी नव्वदच्या सुरुवातीची. कलनचे अग्रलेख २०१६ चे. तिन्हींत पाणी तेच. बातमीदाराने ते मोजलं, कादंबरीकाराने ते एका बाईच्या पोटात दाखवलं, संपादकाने त्याचा हिशेब मागितला. तिघांनाही पुलित्झर. हे काही योगायोगाने होत नाही. एखाद्या मुलखात वर्षानुवर्षं बातमीदारी होत असली की तिथल्या कादंबरीकारालाही आपल्या विहिरीत काय आहे ते कळतं.

आपल्याकडे लेखकांची वानवा नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आनंद यादव, रा. रं. बोराडे, किती नावं घ्यायची. आपल्या कादंबरीने शेतकऱ्याचं घर आतून दाखवलं. पण तिच्या बरोबरीने चालणारी बातमीदारी तालुक्यात उभीच राहिली नाही. आपल्याकडे शेतकऱ्याचं दुःख कादंबरीत असतं, पेपरात त्याचा आकडा असतो, आणि त्या दोन्हींच्या मधलं 'हे कुणी केलं?' कुठेच नसतं.

आणि पुरस्कारांचं म्हणाल, तर डिसेंबर २०२२ विसरू नका. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या मराठी अनुवादाला, अनघा लेले यांना, राज्य सरकारने पुरस्कार जाहीर केला आणि आठवड्याच्या आत रद्द केला. वर निवड समितीही बरखास्त. पुलित्झरच्या इतिहासातही डाग आहेत. १९४१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हेमिंग्वेच्या कादंबरीला आडकाठी केली आणि त्या वर्षी कादंबरीचं पारितोषिकच कुणाला दिलं गेलं नाही. पण निदान ते पारितोषिक सरकारच्या तिजोरीतून येत नाही. जोसेफ पुलित्झर या पेपरवाल्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले, १९१७ पासून विद्यापीठ ते देतं. आपल्याकडे पेपरमालकांनी पुतळे उभारले, शाळा काढल्या, आमदार झाले. वार्ताहराच्या पगारासाठी मृत्युपत्रात पैसे ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यात लाजिरवाणा मुद्दा. 'हे आपल्या मातीत रुजत नाही' असं म्हणायची सोय आपल्याला नाही. आमच्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या तरवडी नावाच्या खेड्यातून, मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' काढत होते. १९१० पासून १९६७ पर्यंत. सत्तावन्न वर्षं! सत्यशोधक माणूस, कृष्णराव भालेकरांचा मुलगा. पुण्या-मुंबईच्या पेपरांना जे विषय विषय वाटत नव्हते, सावकार, भटजी, पाटीलकी, शेतकऱ्याचं अडाणीपण, त्यावर खेड्यात बसून लिहायचे. स्वतःच्या जातीला, स्वतःच्या वाचकाला खडे बोल सुनवायचे. आयोवात जे झालं ते तरवडीत आधी झालं होतं. आपण ते पुढे चालवलं नाही, एवढंच.

दरवर्षी ६ जानेवारीला दर्पण दिन येतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या दिवशी 'दर्पण' काढला म्हणून. त्या दिवशी प्रत्येक तालुक्यात पत्रकारांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, डायरी, जेवण. सत्कार कोण करतं? कारखाना, पतसंस्था, आमदार, शिक्षणसंस्था. म्हणजे ज्यांच्यावर लिहायचं तेच. मीही त्या शाली घेतल्यात. घरात अजून दोन पडल्यात.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी पुलित्झरच्या यादीत भारतीय आडनाव दिसलं तर जरूर अभिनंदन करा. पण त्याच दिवशी दोन कामं करा.

एक, तुमच्या तालुक्यात जो कुणी जाहिरातीशिवाय, पुरवणीशिवाय काही खरं लिहायची धडपड करतोय, पेपर असो, यूट्यूब चॅनेल असो, त्याची वर्गणी भरा. शंभर रुपये महिना. फुकटात वाचायचं आणि 'मीडिया विकला गेला' म्हणायचं, हे चालणार नाही. आपण विकत घेतला नाही म्हणून तो दुसऱ्याने घेतला.

दोन, तुमच्या नदी-ओढ्याच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज. तुम्ही पत्रकार असायची गरज नाही. उत्तर आलं तर तुमच्या वार्ताहराच्या हातात द्या आणि छापून येईपर्यंत दर आठवड्याला त्याला विचारा, 'छापलं का रे?'

मला तो प्रश्न एकदाच विचारला गेला होता. वडिलांनी दुसऱ्यांदा विचारला असता तर मी डेस्कला परत फोन केला असता, असं मला वाटतं.

मी गेल्या महिन्यात अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो.